छत्तीस हजार कशाचे?

तळोजा एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत ‘उष्मा इंजिनियरिंग’ नावाचा एक छोटा कारखाना आहे. तिथे पाइप वाकवायच्या आधी एक विधी होतो. विधी हा शब्द जरा भारी वाटेल, पण याला दुसरं काही म्हणता येत नाही. ज्याने हिशेब केलाय त्याने मशीनजवळ उभं राहून आपले आकडे मोठ्याने वाचायचे, आणि जो पाइप वाकवणार त्याने प्रत्येक आकड्यानंतर विचारायचं, “कशाचे?” वाचणाऱ्याने उत्तर द्यायचं. मिलिमीटर. किलो. अंश सेल्सिअस. उत्तर आलं की पुढचा आकडा. सगळे आकडे संपले की मगच मशीनचं बटण दाबायचं. बाहेरून आलेला माणूस हे बघून हसतो. नव्याने लागलेल्यांना तर पहिल्या दिवशी वाटतं की आपली खेचतायत.

हा विधी सुरू केला श्यामसुंदर बार्शीकर सरांनी. सर म्हणजे कारखान्याचे डिझायनर. वय सत्तरीच्या पलीकडे, निवृत्ती दोनदा घेऊन झालेली आणि दोन्ही वेळा घरी करमेना म्हणून परत आलेले. माणूस तसा गोड, पण आकड्यांच्या बाबतीत खवट. कुणी नुसता आकडा बोललं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. “आकडा उघडा फिरवू नका, त्याला कपडे घाला,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रंजिता भोईर मुलाखतीला आली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, घर किती लांब? ती म्हणाली, पाच.

“पाच काय? किलोमीटर, मैल, की मिनिटं?”

जवळच्या नावडे गावची मुलगी, डिप्लोमा करून नुकतीच बाहेर पडलेली. घाबरून म्हणाली, “रिक्षाने पाच मिनिटं, सर.”

“आणि रिक्षा मिळाली नाही तर?”

“तर चालत येईन.”

सर हसले आणि तिला नोकरी मिळाली. त्याला आता बरीच वर्षं झाली. कॉलेजने तिला प्रमाणपत्र दिलं, पण काम दिलं ते सरांनी, असं ती घरी नेहमी म्हणायची आणि त्यात काही खोटं नव्हतं. ड्रॉइंग वाचायचं कसं, फोनवर गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोलायला लागलं की आपण आवाज कसा खाली आणायचा, चूक झाली तर ती पहिल्यांदा कुणाला सांगायची, हे सगळं तिला सरांनी शिकवलं. तेही ओरडून नाही. ते फक्त विचारायचे, “कशाचे?” आणि समोरच्याचं समोरच्याला कळायचं.

उष्मामध्ये तेल तापवायचे हीटर बनतात. केमिकलच्या कारखान्यांत मोठमोठी पातेली तापवावी लागतात, पण त्यांच्याखाली आग लावणं धोक्याचं. म्हणून आग एका बाजूला पेटवायची, तिच्याभोवती पाइपचं वेटोळं ठेवायचं, पाइपातून तेल फिरवायचं आणि ते तापलेलं तेल पातेल्यांपर्यंत न्यायचं. यातला सगळा जीव त्या वेटोळ्यात. पाइपच्या प्रत्येक इंचावर किती उष्णता पडते, यावर सगळा खेळ. ती झेपेल त्याहून जास्त झाली, तर पाइपच्या आतल्या अंगाला लागून असलेलं तेल जळतं, त्याची काजळी धरते, पाइप आणखी तापतो आणि एक दिवस फाटतो. फाटला की ते सगळं तेल थेट आगीत.

रंजिताची आई गोजरा हिला एकदा ही गोष्ट समजावून सांगावी लागली होती. तव्यापाशी बसून भाकरी थापता थापता गोजरा म्हणाली होती, “काय गो, तू दिसभर त्या कंपनीत बसून मोजतेस तरी काय?”

“आये, इस्तव तेवढाच हाय. त्याच्यावर मोठा तवा ठेवला तर?”

“भाकर सावकाश भाजंल.”

“आनी ल्हान तवा ठेवला तर?”

“करपंल. सगला इस्तव एकाच जागी लागतो ना.”

“बस. तव्याच्या एका वितीवर किती इस्तव लागतो, तेच मोजते मी.”

गोजराने भाकरी उलटली आणि विचारलं, “त्याच्यासाठी कॉलेज कशाला पायजे व्हतं?”

गोजराचं बरोबर होतं. पण गंमत अशी की हा वितीवरचा विस्तव मोजायची पद्धत जगात एक नाही. सगळ्या जगाने मीटर घेतला, तरी अमेरिकन माणूस अजून फूट कवटाळून बसलाय. तो म्हणतो, एका चौरस फुटावर तासाला इतके बीटीयू, म्हणजे त्याचं उष्णतेचं माप. पुस्तकं म्हणतात, एका चौरस मीटरवर इतके वॅट. कॉलेजात रंजिता शिकली होती की बीटीयूच्या आकड्याला तीन पूर्णांक पंधराने गुणलं की वॅट मिळतात. सर मात्र तोंडी हिशेब करताना म्हणायचे, “बीटीयूला पावणेतीनने गुणा, थोडं कमी धरा, झालं मेट्रिक.” पावकी, पाउणकीचे जुने पाढे सरांना अजून तोंडपाठ. तीन पूर्णांक पंधराच्या जागी पावणेतीन कसे, हा प्रश्न रंजिताला सुरुवातीला पडला होता. मग तिने स्वतःच उत्तर काढलं की सर जुने आहेत, हात राखून धरतात, कमीच धरलेलं बरं. आणि तिने तो विषय सोडून दिला. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता, पण ज्याच्यावर आपला इतका विश्वास असतो त्याला प्रत्येक गोष्ट कुठे विचारतो आपण?

यंदा उष्माला जी मोठी ऑर्डर आली, ती आली त्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीकडून. या कंपनीत रंजिताचा धाकटा भाऊ कुंदन कामाला होता. नुसता कामाला नाही, तर हीटरवरच. त्याची जागा आगीसमोरच्या त्या छोट्या गोल काचेपाशी. काचेतून आत बघायचं, आगीचा रंग बघायचा, तेलाचं तापमान लिहायचं. जुना हीटर म्हातारा झाला होता, म्हणून नवा येणार होता, आणि तो बनवणार होती त्याची बहीण. कुंदनने ही बातमी गावातल्या नाक्यावर सगळ्यांना सांगून टाकली होती. “आपली ताई बनवते. टेन्शनच नाय.” घरात तिघंच माणसं, वडील पोरं लहान असतानाच गेलेले. गोजराने देवापुढे साखर ठेवली.

वेटोळ्याचा हिशेब सरांनी केला, हाताने, नेहमीसारखा. आणि मग त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. कितीतरी महिने ते पुढे ढकलत होते, पण शेवटी बायकोने, म्हणजे नंदिनीकाकूंनी, बॅगच भरून दाराशी ठेवली. जायच्या आदल्या दिवशी सरांनी रंजिताला सगळी कामं समजावून दिली. या हीटरबद्दल म्हणाले, “पाइपवर छत्तीस हजार येतंय, मेट्रिक. त्यांचं तेल चाळीस हजारापर्यंत सोसतं. आरामात आहे. आता तूच बघ सगळं.”

आता तूच बघ सगळं, हे चार शब्द रंजिता घरी जाईपर्यंत मनात घोळवत होती.

सर दवाखान्यात गेले आणि इकडे गिऱ्हाइकाने तेल बदललं. त्यांना आता एक अमेरिकन तेल वापरायचं होतं. त्या तेलाच्या कागदावर मर्यादा लिहिलेली, बारा हजार बीटीयू, तासाला, दर चौरस फुटाला. त्याच्या वर गेलात तर आम्ही जबाबदार नाही. रंजिताने बारा हजारला तीन पूर्णांक पंधराने गुणलं. सदतीस हजार आठशे. सरांचा आकडा छत्तीस हजार. म्हणजे मर्यादेच्या आत. काठावर आहे, पण आत आहे. तिने पुन्हा गुणून बघितलं, सॉफ्टवेअरवर टाकून बघितलं, सदतीस हजार आठशेच. सरांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. एवढ्यासाठी त्यांना कशाला त्रास, असं म्हणून तिने फोन केला नाही. तिने मालकिणीला, स्नेहल मॅडमना, सांगून टाकलं की तेल बदललं तरी वेटोळं तेच चालेल. सरांशिवाय घेतलेला हा तिचा पहिला निर्णय. त्या दुपारी तिला डबा जरा जास्तच चवदार लागला.

पाइप वाकवायचा दिवस आला. लांबच्या लांब पाइप मशीनवर चढवलेले. पाइप वाकवणारा पंढरी मशीनच्या डाव्या बाजूला उभा. हा माणूस मशीनवर हात ठेवल्याशिवाय बोलत नाही आणि ठेवल्यावर थांबत नाही. स्नेहल मॅडम ऑफिसातून खाली आलेल्या, कारण माल वेळेवर जायला हवा होता आणि गिऱ्हाइकाचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. एरवी इथे सर उभे राहायचे. आज पहिल्यांदा वाचायला रंजिता उभी राहिली.

“बाहेरचा व्यास, अठ्ठ्याऐंशी पूर्णांक नऊ,” तिने वाचलं.

“कशाचे?” पंढरीने आरतीच्या चालीत विचारलं.

“मिलिमीटर.”

“बरं.”

“तेलाचं बाहेर पडायचं तापमान, दोनशे ऐंशी.”

“कशाचे?”

“अंश सेल्सिअस.”

“बरं.”

असं करत करत ती शेवटच्या आकड्यापाशी आली. “पाइपवर पडणारी उष्णता, छत्तीस हजार.”

“कशाचे?”

रंजिताने तोंड उघडलं. मेट्रिक, असं ती म्हणणार होती. पण मेट्रिक हे काही उत्तर नव्हे. मेट्रिक तर मिलिमीटरही आणि किलोही. पाच म्हटल्यावर ज्यांनी पाच काय असं विचारलं होतं, त्यांच्या जागेवर उभं राहून मेट्रिक म्हणायला तिची जीभ रेटेना. मग वॅट. वॅट म्हणावं. वॅटच असणार. पण या जागी सर काय म्हणायचे? सर काहीतरी लांबलचक भराभर म्हणून टाकायचे. तोपर्यंत ती आपली पुढच्या कामाच्या तयारीत असायची, आणि शेवटचं उत्तर नीट कानावर पडण्याआधीच पंढरीचा हात बटणावर गेलेला असायचा. इतकी वर्षं ऐकून तिने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

पंढरीने पुन्हा विचारलं, “म्याडम, कशाचे?”

वॅट म्हटलं असतं तर विधी पुरा झाला असता. तिथल्या एकाही माणसाने तिला अडवलं नसतं. पंढरीला फक्त उत्तराशी मतलब, कुठल्याही. स्नेहल मॅडम घड्याळ बघत होत्या. आणि रंजिताच्या डोळ्यांपुढे काय यावं? गोल काच, आणि तिच्यातून आत डोकावणारा कुंदन.

“मला माहीत नाही,” रंजिता म्हणाली.

स्नेहल मॅडम पुढे आल्या. “काय यार रंजिता! सर मेट्रिक म्हणाले ना? मग मेट्रिक म्हणजे वॅटच ना?”

“बहुतेक.”

“मग बहुतेक तर बहुतेक. चालू करा ना.”

“मॅडम, बहुतेक हे काही माप नाही,” रंजिता म्हणाली. आपल्या तोंडून हे कुणाचं वाक्य आलं हे तिला कळलं आणि थोडं बरं वाटलं. “पाइप एकदा वाकला की परत सरळ होणार नाही. मला एक फोन करू द्या.”

फोन नंदिनीकाकूंनी उचलला. “अगं, त्यांना आता वॉकर घेऊन चालवतायत. दोन पावलं टाकली की शिव्या देतायत. थांब, देते. तुझं नाव ऐकून तरी गप्प बसतील.”

मग सरांचा आवाज, धापा टाकत. “बोल. पाइप चढले का?”

“चढले सर. एकच विचारायचंय. तुमचे ते छत्तीस हजार, ते कशाचे?”

मग सर जरा चिडूनच म्हणाले, “किलोकॅलरी. ताशी, दर चौरस मीटर. दुसरं काय असतं मेट्रिकमध्ये?”

रंजिताने मशीनच्या कडेला हात टेकला. “सर, त्यांनी तेल बदललंय. नव्या तेलाची मर्यादा बारा हजार बीटीयू आहे, दर चौरस फुटाला.”

सरांना कागद लागत नाही. “बारा हजारला पावणेतीन. तेहेतीस हजार. थोडं कमी धर, साडेबत्तीस.” आणि ते एकदम थांबले. “रंजिता, साडेबत्तीसच्या तेलाला छत्तीस कसे चालतील? पाइप वाकवले का? वाकवले का तुम्ही पाइप?”

“नाही सर. नाही वाकवले.”

“नक्की?”

“समोर आहेत माझ्या. सरळ आहेत.”

पलीकडून सरांनी सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला. मग ते म्हणाले, “बरं,” अगदी पंढरीसारखं, आणि फोन नंदिनीकाकूंच्या हातात गेला.

झालं होतं ते एवढंच. रंजिताने तराजूच्या एका पारड्यात किलोकॅलरी घातल्या होत्या आणि दुसऱ्यात वॅट, आणि पारडी जुळली म्हणून खूश झाली होती. सरांचे छत्तीस हजार वॅटमध्ये आणले तर होतात जवळजवळ बेचाळीस हजार. तेल सोसणार सदतीस हजार आठशे. पहिल्या दिवशी काही झालं नसतं. पहिल्या महिन्यातही नसतं झालं. नारळ फुटला असता, पेढे वाटले असते, कुंदनने काचेसमोर उभं राहून सेल्फी काढला असता. आणि आत पाइपला रोज थोडी थोडी काजळी धरत गेली असती.

आणि सरांचं पावणेतीन हात राखून धरलेलं नव्हतंच. किलोकॅलरीसाठी ते चोख होतं. सर ज्या वर्षांत शिकले, त्या वर्षांत देशाने फूट-पौंड नुकतेच टाकले होते आणि त्यांच्या जागी जे आलं त्याला सगळे मेट्रिक म्हणत. त्या मेट्रिकमध्ये उष्णता किलोकॅलरीत मोजायची. वॅट हा दिव्याचा, इस्त्रीचा. भट्टीला वॅट लावायची पद्धत मागाहून आली, रंजिताच्या पुस्तकांतून. एकाच टेबलावर दोघं इतकी वर्षं बसली, एकच शब्द वापरत राहिली, आणि दोघांचं मेट्रिक वेगळं होतं.

रंजिता शेडच्या बाहेर येऊन पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. पंढरीने न विचारता चहा आणून शेजारी ठेवला आणि न बोलता आत गेला. थोड्या वेळाने स्नेहल मॅडम येऊन बसल्या. त्यांना आता गिऱ्हाइकाला फोन करून उशीर होणार हे सांगायचं होतं, जास्तीचा पाइप मागवायचा होता, आणि त्यांचा स्वभाव काही फार शांत नाही. पण त्या ओरडल्या नाहीत.

“मी हे वाचन बंद करणार होते,” त्या म्हणाल्या. “सर रिटायर झाले की बंदच. उगाच टाइमपास वाटायचा मला.”

“आता?”

“आता काय! आता ऑफिसात पण चालू करते. तुझा भाऊ त्याच प्लांटला आहे ना गं?”

रंजिताने मान हलवली. स्नेहल मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला, जरा जोरातच, आणि उठून फोन करायला गेल्या. त्या माउलीने त्या दिवशी गिऱ्हाइकाला एकही सबब सांगितली नाही. आमच्या हिशेबात चूक होती, आम्ही पकडली, वेटोळं मोठं करून देतो, असं सरळ सांगून टाकलं.

वेटोळ्याला फेरे वाढवले. मोठा तवा, तेवढाच विस्तव. सगळा हिशेब रंजिताने नव्याने केला आणि या वेळी प्रत्येक आकड्याला कपडे घालून बसवलं. पुढच्या वाचनाला ती शेवटच्या आकड्यापाशी आली तेव्हा तिने तीनही मापं म्हटली, बीटीयू, वॅट, किलोकॅलरी. पंढरी म्हणाला, “एवढी नावं तर बारशाला पण ठेवत नाहीत.” आणि मग पाइप वाकला.

सर घरी आले तशी ती त्यांना भेटायला खारघरला गेली. आभार मानायचे म्हणून पेढे घेऊन गेली होती. पण सर खुर्चीत वेगळेच दिसले. गुडघा बरा होता, माणूस खचलेला होता.

“तुमच्याच प्रश्नाने चूक पकडली सर,” ती म्हणाली. “तुम्ही तो प्रश्न शिकवला नसता तर माझा भाऊ त्या काचेसमोर उभा असता. हे मी जन्मात विसरणार नाही.”

“प्रश्न माझा, ते खरं,” सर म्हणाले. “पण आकडा उघडा कुणी दिला? मीच ना? मेट्रिक म्हणून मोकळा झालो. लोकांना आयुष्यभर कपडे घालायला सांगितले आणि मी स्वतः...” त्यांनी हात झटकला. “आता थांबावं मी. डोकं जुनं झालंय.”

“तसं नाही सर.”

“मग कसं?”

सरांची चूक होती म्हणावं तर ती चूक वाटत नव्हती, नव्हती म्हणावं तर पाइप वाकता वाकता राहिले होते. हीटर पेटवायच्या दिवशी कुंदनच्या कंपनीत या, असं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. सर नाही म्हणाले. नंदिनीकाकू तिला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “कॅल्क्युलेटर कपाटात ठेवून दिलाय त्यांनी. तू काहीतरी बोल गं, तुझं ऐकतात ते.” घरी परतताना तिला फार वाईट वाटत होतं. ज्यांनी आपल्याला इतकं दिलं त्यांना द्यायला आपल्याजवळ एक वाक्यही नाही.

हीटर पेटला. कुंदनच्या साहेबांनी नारळ फोडला, बर्नर घरघरला आणि गोल काचेत आग दिसायला लागली, छान पिवळसर, स्थिर. हीटरच्या अंगावर पितळी पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर मर्यादा तीन ओळींत कोरलेली. तिसरी ओळ किलोकॅलरीची. ती रंजिताने मुद्दाम घालायला लावली होती. कुंदनने ती बोट फिरवत मोठ्याने वाचली, मग काचेपुढे उभा राहिला. तो आत डोकावला तेव्हा रंजिताने श्वास धरला होता आणि मागे उभ्या असलेल्या स्नेहल मॅडमनीही. तेल ठरल्या तापमानाला गेलं आणि तिथेच राहिलं. संध्याकाळी पाळी संपवून कुंदन बाइकवरून घरी आला, रोजच्यासारखा हॉर्न वाजवत, आणि हातपाय धुऊन ताटावर बसला.

रंजिताने सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“सर, पेटला. अगदी ठरल्याप्रमाणे चाललाय. नुसते आभार मानायला फोन केलाय, दुसरं काही नाही.”

“छान,” सर म्हणाले. आवाजात उभारी नव्हती. “कुंदन आला का घरी?”

“आला. समोर जेवतोय. तिसरी भाकरी चाललीय.”

“कशाची?” सरांनी विचारलं. सवयच ती. शिवाय ते सोलापूरकडचे, त्यांच्या लेखी भाकरी म्हणजे ज्वारीची.

उत्तर रंजिताला द्यावंच लागलं नाही. तव्यापाशी बसलेली गोजरा, जिला फोनवरच्या माणसाचा मान ठेवून हळू बोलायचं माहीतच नाही, तिथूनच ओरडली, “तांदलाची! दुसरी कशाची असते भाकर?”

रंजिताने फक्त सरांना ऐकू जाईल इतपत हळू विचारलं, “सर, आता आमच्या आयेची काय चूक सांगा. तिच्या घरात दुसरी भाकरी झालीच नाही कधी.”

आधी सर हसले की खोकले ते कळेना. मग कळलं की हसतायत, कारण मागून नंदिनीकाकू, काय झालं, काय झालं, असं विचारायला लागल्या. बऱ्याच वेळाने सरांनी घसा साफ केला. “दुसरं काय असतं मेट्रिकमध्ये,” ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग नेहमीच्या, खवट आवाजात, “रंजिता, सोमवारी गाडी पाठव मला न्यायला. आणि तुझ्या आईला सांग, मलाही दोन पाठवा म्हणावं. तांदळाच्या.”

गोजराने परातीत आणखी पीठ घेतलं. कुंदनने चौथी भाकरी मागितली.